बाण उत्तरेकडेच हवा

बुरुलची गाडी ओढ्यात रुतली नसती, तर कुबात तिला भेटलाच नसता. त्याने घोड्याला दोर बांधून गाडी बाहेर ओढली, वर कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा पुढे केला. सुसामिर खोऱ्यातल्या त्याच्या कुरणात तिने भूकंपमापक पुरला आणि राखणीला त्यालाच नेमलं. तेव्हापासून नोंदी न्यायला ती बिश्केकहून यायची. काम अर्ध्या तासाचं, पण ती दिवसभर थांबायची.

बर्फ वितळल्यावर मात्र ती तणतणतच आली.

"तुझ्या कुरणाखालचा खडक फिरलाय."

"मी हात नाही लावला," कुबात म्हणाला.

"थट्टा नको. भेगा पडलेल्या खडकात भूकंपाची लाट शिरली की तिच्या दोन होतात. भेगांच्या बाजूने हलणारी पुढे पळते, दुसरी मागे रेंगाळते. पुढच्या लाटेच्या दिशेवरून कळतं, डोंगरावर दाब कुठून येतोय. बाकी सगळीकडे तो उत्तरेकडून येतो, फक्त तुझ्याकडे तिरका. साहेब म्हणतात, हे केंद्र बंदच करा."

"म्हणजे… तू यायची नाहीस?"

"कशाला येऊ?" ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

तिने खड्ड्यावरचं झाकण उचललं. यंत्रावरचा बाण उत्तरेकडे हवा होता. तो ईशान्येच्या खिंडीकडे वळला होता.

"कुबात, हे कुणी हलवलं?"

त्याने पांढरी टोपी काढून डोकं खाजवलं. "बर्फाआधीच्या पावसात खड्ड्यात पाणी भरलं होतं. यंत्र काढलं, पुसलं, परत ठेवलं. बाण कुठे होता ते काही आठवेना."

"मग दिलंस ठोकून?"

"ठोकून नाही गं… तू ज्या खिंडीतून येतेस, तिकडे केला. मी दिवसभर तिकडेच बघतो. म्हटलं, ह्यालाही बघू दे."

बुरुलला संतापायचं होतं. जमलं नाही. मान खाली घालून ती बाण किती फिरलाय ते मोजू लागली.

"घोडा लांब ने. नालांनी होकायंत्र भरकटतं."

"आणि मी?"

"तू थांब."

तेवढा कोन नोंदींतून वजा केल्यावर सगळ्या लाटा शेजारच्या केंद्रांशी जुळल्या. खडक जागचा हलला नव्हता. केंद्र वाचलं होतं. तिने बाण उत्तरेला लावून झाकण घट्ट बसवलं.

"साहेबांना काय सांगशील?" कुबातने हळूच विचारलं.

"खरं तेच. राखणदाराचं लक्ष वाटेवर होतं."

"मग ते म्हणतील, दुसरा राखणदार बघ."

"म्हणतीलच." बुरुलने हातांची माती झटकली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मी सांगेन — मला हाच हवाय. जन्मभर."