कमान पडणार म्हणणारा इंद्रनील

"ही कमान पडणार."

मागून कुणीतरी चक्क मराठीत पुटपुटलं आणि पाठोपाठ अलार्म वाजला. मी वळले. ओलं जॅकेट घातलेला एक उंच मुलगा चित्राला नाक लावून उभा होता.

"जरा मागे व्हा," मी मराठीतच म्हणाले.

तो दचकला, मग हसला. "तुम्ही मराठी? मी इंद्रनील. पुण्याचा."

"मी विनया. आणि ड्यूटीवर आहे."

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या आर्ट गॅलरीत मी गाइड आहे. त्या हिवाळ्यात इंग्लंडहून दोनशे वर्षांपूर्वीचं एक चित्र आलं होतं. रोमन काळातले पडके खांब, वेलींनी वेढलेली अर्धी कमान, खाली चरणाऱ्या गाई आणि सगळ्यावर सांडलेलं संध्याकाळचं ऊन... माझा त्या चित्रावर जीव जडला होता. आणि हा महाशय निघाला भूकंपाने हललेल्या इमारती तपासणारा इंजिनिअर. दर शनिवारी यायला लागला.

"तो डावा खांब बघा ना. सगळं वजन जाणार कुठे?"

"दोनशे वर्षं उभी आहे ती."

"रंगवलेली आहे म्हणून."

मी कपाळाला हात लावायची. पण शनिवारी सकाळी कानातले निवडताना मला हल्ली उशीर व्हायचा — आणि त्याचा राग वेगळाच.

मग तो शनिवार आला. मला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवायला आमच्या मॅनेजर बाई माझी टूर ऐकणार होत्या. मी रंगात येऊन सांगत होते, की माणसाचं वैभव सरतं, ऊन मात्र तसंच राहतं... तेवढ्यात मागून एक हात वर झाला.

"सॉरी, पण ही कमान अशी उभी राहूच शकत नाही."

लोक हसले. मग कुणी भूकंपात पडलेल्या आपल्या घराच्या धुराड्याबद्दल सांगू लागलं, कुणी भेगा पडलेल्या भिंतीबद्दल. माझं पुढचं कुणीच ऐकलं नाही.

मी त्याला बाहेर नेलं. पाऊस आडवा येत होता.

"तुला काही कळतं का? माझी नोकरी होती ती." रागात 'तुम्ही' कधी गळून पडलं, समजलंच नाही. "परत येऊ नकोस इथे."

"बरं," तो हळूच म्हणाला, आणि गेला.

पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला हवी होती ती शांतता मिळाली होती, आणि ती मला अजिबात सोसत नव्हती.

मॅनेजर बाईंनी मात्र पुन्हा टूर घ्यायला लावली आणि मला कायम केलं. वर म्हणाल्या, "तो मुलगा दुसऱ्याच दिवशी आला होता. चूक माझी, तिला पुन्हा एकदा ऐका, म्हणून बसून राहिला."

आणि त्याने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. रविवारी तो रिकार्टन भागातल्या इंडियन दुकानात सामान घेतो, एवढं बोलता बोलता कानावर पडलं होतं. मी तिथे गाठलं त्याला.

"मॅनेजरना भेटलास. मला फोन करता येत नव्हता?"

"नंबर कुठे दिलायस?"

तो हातातल्या कढीपत्त्याकडे बघत राहिला.

"मला चित्रांतलं काही कळत नाही, विनया. कमानीबद्दल काही बोललं, की तू चिडून उत्तर द्यायचीस. दुसरं काय बोलावं... सुचायचंच नाही."

"म्हणजे इतके दिवस मला जो ताप दिलास तो—"

"तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणून."

"सरळ सांगायचं मग."

"सांगतो. तू मला आवडतेस. फार."

कान तापले माझे. काहीतरी करायला हवं म्हणून त्याच्या बास्केटमधलं पाकीट उचललं.

"हे काय? पातळ पोहे?"

"कांदेपोहे करणार होतो."

"त्याला जाड लागतात." मी पाकीट फळीवर ठेवलं, जाड पोह्यांचं घेतलं. "किती जणांसाठी?"

"तू आलीस तर... दोघांसाठी."

मी ते त्याच्या बास्केटमध्ये टाकलं.

"येते. पण फोडणी मी घालणार. तुझा काही भरवसा नाही."