पांढरे पडलेले शिपाई

अनुया जाऊन चौदा महिने झाले. ती मला पहिल्यांदा दिसली मानिक चौकात, रंगांच्या दुकानात. बाहेर पाऊस धरला होता आणि ती एकेक बारीक ब्रश जिभेवर ओला करून त्याचं टोक बघत होती.

तिचा फोन वाजला. "बाबा, येतेच. वरण उतरवा." झाशीत दुकानात मराठी ऐकू आली की माणूस वळतोच. मी वळलो.

"सगळे उष्टे करणार का?"

"टोकच जुळत नाही, भैया. पगडीला किनार काढायचीय. शिपाई एवढासा—" तिनं बोटाची दोन पेरं दाखवली.

"भैया नका म्हणू."

"मग?"

"मुकुल."

"बरं, मुकुलजी." ती हसली नाही. पण पैसे देताना दोनदा माझ्याकडे बघितलं...

टेबलावर फासे टाकून लढाई खेळायची आणि त्यातले शिपाई स्वतः रंगवायचे, हा तिचा नाद होता. विलायती शिपायांच्या टोप्या कापून ती त्यांना पुट्टीच्या मराठी पगड्या चढवायची. मी दर रविवारी तिच्या घरी जाऊ लागलो. शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे बोट रंगाला लागत नाही. गडद पाणीदार रंग सोडला की तो आपोआप चुण्यांत उतरतो. हे तिनंच शिकवलं. चुकलो की म्हणायची, "भिंत नाही रंगवायची, मुकुलजी."

श्रावणात तिला ग्वाल्हेरला खेळायला जायचं होतं. वीस शिपाई, चार महिन्यांचं काम. फक्त वार्निश राहिलं होतं. एका दुपारी ती मोठ या गावच्या शाळेत शिकवायला गेलेली असताना मी तिच्या बाबांना सांगून शिपाई गच्चीवर नेले आणि सगळ्यांवर स्प्रे मारला. ती खूश होईल, मग संध्याकाळी लग्नाचं विचारू, असा बेत होता.

दमट हवेत वार्निश धुरकट होतं, हे मला ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांत वीसच्या वीस शिपाई पांढरे पडले. अंगावर राख पडल्यासारखे.

ती आली. एक शिपाई उचलून उजेडाकडे धरला.

"कोणी केलं?"

"मी."

"का?"

"तुम्ही खूश व्हाल म्हणून."

ती खाली बसली. हातातला शिपाई परत रांगेत ठेवला. आता इथे परत येणं नाही, असं समजून मी चपला घातल्या.

"कुठे चाललात? आतून तेलाची वाटी आणा."

तिनं ब्रशनं तेलाचा पुसटसा हात पगडीवर फिरवला. लाल रंग हळूहळू वर आला.

"हा वाचला. एकोणीस राहिले. बसा."

आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो.

"अजून काही करून ठेवलंय का? आत्ताच सांगा."

"केलं नाही... विचारायचं होतं. लग्नाचं."

तिचा ब्रश थांबला. "असल्या हवेत?" ती मान वर न करता म्हणाली. "ऊन पडू दे. मग विचारा."

अकरा दिवस ऊन पडलं नाही. ती ग्वाल्हेरला जाऊन, हरून परत आली. बाराव्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन मी मोठला तिच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. ती बाहेर आली, आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. मी अजून विचारलंही नव्हतं.

सहा वर्षं मिळाली. त्यातले शेवटचे आठ महिने आजारपणाचे.

तिचा शेवटचा शिपाई टेबलावर आहे. अंगरख्यावर रंगाचा एकच थर बसलाय, खालचा राखाडी दिसतो. दुसरा द्यायला हवा. मला येतो. तीनदा ब्रश भिजवूनही झाला. पण माझा थर वर बसला की तिचा हात खाली जाईल... मी ब्रश धुतो आणि ठेवून देतो.