शिबिरात बाबा म्हणायचं नाही

बसा रे. तो दिवा जरा लांब ठेवा, डोळ्यांवर येतो. उद्या सकाळी मुलं येतील, मग तुम्हा ताई-दादांना श्वास घ्यायलाही फुरसत मिळायची नाही. आज बसून घ्या.

मघाशी बाईंनी नियम सांगितले, तेव्हा एका नियमाला तुम्ही खुसुखुसु हसलात. मी पाहिलं. इथे काम करणाऱ्याचं मूल शिबिरात असलं, तर त्याने आईबापाला आई-बाबा म्हणायचं नाही. सगळ्यांसारखं काका नाहीतर ताई. आता हसायला येतं, कबूल. पण बाकीची पोरं आईच्या आठवणीने रडतायत आणि एकीलाच बाप मांडीवर घेऊन बसलाय, हे बरं दिसतं का? मी इतकी वर्षं या शिबिराची बस चालवतो. त्या नियमाला मी कधी नावं ठेवली नव्हती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

तेव्हा इथे एक सुतारकाका होते. मुलांना लाकडाच्या होड्या करायला शिकवायचे. माझे जुने मित्र. भुताखेताचा विषय निघाला की म्हणायचे, ‘मला भेटलं तर रंधा मारून सरळ करीन.’ माणूस तिरसट, पण लेकीवर जीव. ती सात वर्षांची होती, त्या वर्षी पहिल्यांदा शिबिराला आली. आणि पोरगी बापाच्या वरताण! नियम म्हणजे नियम. चुकूनसुद्धा तोंडातून ‘बाबा’ निघालं नाही. दिवसभर आपलं ‘काका, खिळा द्या. काका, माझी होडी बुडाली.’ त्यांनाच ते लागायचं. मला म्हणाले, ‘ड्रायव्हर, चार दिवसांत पोर परकी झाली बघ.’

मे महिन्यातला तिसरा शनिवार. लहान मुलांच्या खोलीत झोपणाऱ्या ताईला संध्याकाळी ताप भरला. बाई म्हणाल्या, ‘सुतारकाका, आजची रात्र तुम्ही झोपाल का तिथे? फक्त दाराशी खाट टाकायची आणि दोरीकडे लक्ष ठेवायचं.’

दोरी तुम्ही आज बांधलीतच. त्या खोलीच्या दारापासून थेट संडासापर्यंत, मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर. वीज गेली तरी मुलाने ती धरून जायचं आणि धरूनच परत यायचं. अलीकडचं टोक खाटेच्या पायाला. कोणी दोरीला हात लावला की खाट थरथरते, झोपलेल्याला जाग येते. साधी गोष्ट आहे, पण इतक्या वर्षांत एक मूल अंधारात हरवलं नाही.

सुतारकाकांनी मुलांना गोष्ट सांगितली, पांघरुणं घातली. लेकीची गादी पार भिंतीकडे. तिच्याजवळ जरा जास्त वेळ बसावंसं वाटलं, पण बसले नाहीत. नियम.

रात्री दीडच्या सुमाराला वीज गेली. पंखे थांबले. आणि थोड्या वेळाने खाट थरथरली.

त्यांना जाग आली. दोरीवरून कोणीतरी येत होतं. संडासाकडून, खोलीकडे. ते झोपेतच होते, तरी मनात आलंच, की जाताना मला कळलं कसं नाही?

थरथर जवळ आली. थांबली. दारात कोणीतरी उभं होतं.

‘कोण रे?’

मग अगदी हळू, ‘बाबा.’

मला सांगताना म्हणाले, ‘खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.’ चार दिवस कान तहानले होते त्या एका शब्दाला. म्हणाले, गेला तो नियम चुलीत. ‘ये,’ म्हणाले. ‘ये माझ्याजवळ.’

ती आली. खाटेच्या कडेला बसली. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. केस गार लागले, ओले. तोंड धुऊन आली असेल, त्यांना वाटलं. पाठीवरून हात फिरवला.

‘घाबरलीस?’

ती आणखी बिलगली.

‘आईची आठवण आली?’

‘बाबा.’

‘अगं हो. आहे ना मी.’

‘बाबा.’

तोच सूर. नवीन शब्द तोंडात घोळवून बघावा तसा.

‘बाबा...’

आणि तेवढ्यात आत, भिंतीकडून आवाज आला. झोपाळलेला, पण स्वच्छ.

‘काका, मला शूला जायचंय.’

त्यांची लेक.

...

पाठीवरचा हात तिथेच राहिला. काढवेना. ठेववेना.

आत गादी सळसळली. पावलं. लेक दोरीकडे निघाली होती. दोरी खाटेला. आणि खाटेवर...

‘तिथेच थांब.’

‘काका, जोरात आलीय.’

‘थांब म्हटलं ना!’

खांद्यावरचं डोकं हळूच वळलं. आवाजाकडे. मुलीकडे.

काय करणार? ओरडायचं, तर खोली पोरांनी भरलेली. धरून ठेवायचं, तर कशाला धरायचं? ते उठले. आपल्या लेकीकडे पाठ केली. आणि जे सुचलं ते बोलले. अगदी मऊ आवाजात.

‘चल. बाबा येतात सोबत.’

त्यांची करंगळी धरली गेली.

एका हातात दोरी. दुसऱ्या हाताला... ते. पावलं वाजत होती ती फक्त त्यांची. त्यांनी खाली पाहिलं नाही. लेकीपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं न्यायचं, एवढंच डोक्यात.

संडासाजवळचा खांब आला. दोरी संपली.

‘जा आता,’ म्हणाले. ‘मी उभा आहे इथे.’

करंगळी तशीच धरलेली...

मग करंगळी सुटली.

मागे न बघता परत आले. लेक सांगितलेल्या जागी तशीच उभी होती, चड्डी ओली करून, मुसमुसत. त्यांनी तिला उचललं, पोटाशी धरलं आणि स्वतःही रडले. उजाडेपर्यंत तिला खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना काहीतरी सांगून त्यांनी लेकीला घेऊन घरी जायचं ठरवलं. मीच बसने सोडायला गेलो. वाटेत हे सगळं ऐकलं. मी समजूत घातली, ‘गेलं ना? सुटलात ना? झालं तर मग.’ तेही म्हणाले, ‘सुटलो रे बाबा.’ चेहऱ्यावर रंग परत आला होता.

घरापाशी त्यांची बायको फाटकात उभी होती. पोरगी पळत जाऊन तिला बिलगली. ‘आई, आई!’ मग वळून म्हणाली, ‘काका, माझी पिशवी द्या ना.’

आई हसली. ‘अगं, शिबिर संपलं. आता बाबा म्हण.’

पोरीने मान हलवली. नाही.

‘का गं?’

ती वडिलांकडे बघत होती. म्हणजे, त्यांच्या चेहऱ्याकडे नाही. जरा खाली, बाजूला.

‘ती म्हणते ना,’ म्हणाली.

पोरगी आईचा हात धरून घरात गेली. सुतारकाका फाटकातून आत शिरले. मी फाटक लावायला हात घातला, तसा त्यांनी माझा हात धरला. घट्ट. खाली बघितलं नाही, वळले नाहीत. लहान मुलाला दोन-तीन पावलं चालायला लागतात, तेवढा वेळ धरून ठेवला.

मग म्हणाले, ‘हं. लाव आता.’