जयवंतीने सांगितलेलं शेवटचं रीळ

दुपारचा खेळ सुटला आणि नेमकी तेव्हाच आषाढाची सर आडवी आली. पालघरच्या त्या पत्र्याच्या थिएटरातून बाहेर पडलेली माणसं पडवीतच अडकली, आणि अडकल्याबरोबर भांडू लागली.

भांडण 'तांबडा कंदील'वरून होतं. बारा वर्षांपूर्वी याच नावाचा काळा-पांढरा रहस्यपट इथेच सात आठवडे चालला होता. आता कुणीतरी तोच रंगीत करून नव्याने काढला होता. गोष्ट तीच: आडबाजूच्या स्टेशनात कुणीतरी तांबडा कंदील दाखवून मेल थांबवतं, आणि डब्यातल्या एका प्रवाशाचा खून होतो. फरक होता शेवटात. जुन्यात खुनी निघायचा तो सगळ्यांचा लाडका म्हातारा स्टेशनमास्तर. नव्यात मास्तर साफ सुटतो आणि मुंबईहून आलेला एक मिशाळ पाहुणा पकडला जातो.

"पार वाटोळं केलं!" भाजीवाल्या गोजराबाई कडाडल्या. "मास्तर खुनी नाय, तर बगायचं काय त्यात?"

"अहो मावशी, सात गाणी आहेत! काश्मीर आहे!" तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावरची पोरं ओरडली.

"काश्मीरला मेल कुठं थांबते रं?"

तिकीटखिडकीला टेकून उभा असलेला एक उंच तरुण स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मला तर नवाच आवडला."

"जुना पाहिलाय?" खिडकीच्या आतून प्रश्न आला.

तो दचकला. अर्धगोल भोकातून फक्त हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसत होता. "नाही..."

"मग कशाला बोलता?"

आवाज कुणाचा ते पाहायला तो वाकला. आत दोन टपोरे, रागावलेले डोळे होते... आणि राग लटका नव्हता. तो हसला. डोळे मात्र हसले नाहीत. झडप खाडकन बंद झाली.

जयवंती प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचे वडील पुंजाराम थिएटरचे ऑपरेटर. वरच्या केबिनमध्ये बसून ते यंत्र चालवायचे आणि रविवारी लेक तिकीटखिडकी सांभाळायची. लहानपणी तिने जुना 'कंदील' त्याच केबिनच्या झरोक्यातून किती वेळा पाहिला होता, कोण जाणे! संवाद न् संवाद तोंडपाठ होता.

पुढच्या रविवारी भोकासमोर तोच तरुण. केस पावसाने कपाळावर चिकटलेले.

"एक तिकीट."

"पुन्हा तोच सिनेमा?"

"तुमचं म्हणणं तपासून बघतोय." मग जरा थांबून, "मी रामनाथ. सिन्नरचा. प्रकल्पावर ओव्हरसियर आहे, राहतो बोईसरला."

"मी विचारलं नव्हतं."

"म्हणून तर सांगितलं."

तिने एकाऐवजी दोन तिकिटं फाडली.

खेळ सुटल्यावर तो परत आला. "एक सांगू? मला चांगला माणूस शेवटी चांगलाच निघालेला आवडतो."

"मग भीती कशाची वाटणार? ज्याच्यावर विश्वास टाकला तोच तसा निघाला, की काळजात चर्र होतं. खरी गंमत त्यात आहे."

"सिनेमात ठीक आहे. पण एरवी?"

"एरवी..." ती खाली बघत म्हणाली, "एरवी बघावं लागेल."

त्या आठवड्यात तिने शाळेत दोनदा चुकीचा पाढा सांगितला.

गावात मात्र वाद पेटत चालला होता. न्हाव्याच्या दुकानात म्हणे एकाची दाढी अर्धीच राहिली, कारण न्हावी जुन्या पक्षाचा आणि गिऱ्हाईक नव्याचं. शेवटी पुंजाराम म्हणाले, "जुनाच आनून दावू येकदा. होऊन जाऊ दे." थिएटरचा मालक कुरकुरला, तेव्हा पुंजारामांनी स्वतःच्या शब्दावर जुनी प्रत मागवली.

ही बातमी जयवंतीने तिसऱ्या रविवारी मोठ्या उत्साहाने सांगितली. रामनाथचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"बरं झालं, लवकर आणताय. माझी बदली निघाली आहे. राजस्थानात, तिथल्या प्रकल्पावर. हो की नाही, ते कळवायचंय."

"मग... हो म्हणणार?"

"पगार वाढेल. इथं थांबायला काहीतरी कारण हवं ना!" तो तिच्याकडे बघत राहिला.

मागच्या माणसाने कोपर मारलं. "भाईसाब, जल्दी करो!"

जयवंतीने तिकीट पुढे सरकवलं. आठवडाभर तिला घास गोड लागला नाही. मी काय अधिकाराने थांबा म्हणू? आणि म्हटलं, आणि तो नुसताच हसला तर?

जुन्या 'कंदिला'च्या रविवारी श्रावण लागला होता. थिएटर तुडुंब. डावीकडे पालघरकर, उजवीकडे प्रकल्पवाले, आणि मधल्या रांगेत रामनाथ. अर्ध्या खेळापासून टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. नव्या पक्षाची पोरंसुद्धा खुर्चीच्या कडेवर आली होती. रुळांवर अंधार... कंदील हलतोय... धरणारा हात दिसतोय, चेहरा दिसत नाही... पुंजारामांनी शेवटचं रीळ चढवलं.

आणि पडद्यावर ढगांतून वीणा वाजवत नारद उतरले!

शेवटच्या रिळाच्या डब्यात भलताच सिनेमा भरून आला होता. क्षणभर कुणाला काही कळेना. मग जो गदारोळ उठला! शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्यांची आदळआपट. केबिनमध्ये, झरोक्याशी बसलेल्या जयवंतीशेजारी, पुंजाराम पांढरेफटक पडले. "पोरी, आता खुर्च्या मोडतात बग. माजा शबुद गेला."

वडिलांचा तो चेहरा जयवंतीला बघवेना. ती जिना उतरली, मधल्या वाटेने सरळ पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. आवाज वर्गातला होता.

"गप्प बसा! शेवट मी सांगते."

आधी हशा पिकला. पण ती बोलू लागली, आणि एकेक आवाज विझत गेला. मास्तर कंदील घेऊन रुळांवर उभा आहे. आज त्याला कुणाला मारायचं नाही. पुढचा पूल पुरात गेलाय, आणि मेलमध्ये पाचशे माणसं आहेत. कंदील दाखवावा, तर खुनी कोण ते सगळ्यांना कळणार. लपवावा, तर गाडी नदीत! गाडी जवळ येते... आणखी जवळ... आणि मास्तर कंदील स्वतःच्या तोंडापाशी उचलतो. गाडी थांबते. ड्रायव्हर खाली उतरतो. मास्तर हात पुढे करून एवढंच म्हणतो, "उशीर झाला का हो?"

ती थांबली. पत्र्यावर टपटपणारे थेंब तेवढे ऐकू येत होते. मग गोजराबाईंनी पदराने नाक पुसलं, आणि टाळ्यांनी पत्रा दणाणला. त्या दिवसापासून गावात तिसरा पक्ष निघाला. तो म्हणे, पडद्यावरचा जुना नको, नवाही नको, बाईंनी तोंडी सांगितला तोच खरा.

गर्दी ओसरली. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. रामनाथ पडवीत एकटाच उभा होता.

"हरलो. चांगला माणूस खुनी निघाला, आणि तरी चांगलाच राहिला. असं असतं हे मला ठाऊक नव्हतं."

जयवंतीचं तिकडे लक्षच नव्हतं. एवढ्या लोकांपुढे ती बोलली होती, पण एका माणसापुढे बोलणं त्याहून अवघड होतं. तिने खांब घट्ट धरला.

"जाऊ नका," ती म्हणाली. "राजस्थानला... नका ना जाऊ."

"नाही जात. शुक्रवारीच लिहून दिलं तसं."

तिने इतका मोठा श्वास सोडला, की आठवडाभर तो कोंडूनच ठेवला असावा. डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. "शुक्रवारी? आणि मी इकडे आठवडाभर—! सांगायचं नाही होय?"

"भीती वाटत होती. तुम्ही म्हणाला असतात, मी विचारलं नव्हतं."

ती इतकी हसली, की केबिनचा जिना उतरणारे पुंजाराम अर्ध्यावरच थबकले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे, आणि घसा खाकरला.

"तुमच्या घरी कोन कोन हाय?"

"आई आहे. सिन्नरला," रामनाथ चटकन सरळ उभा राहिला. "पुढच्या रविवारी घेऊन येऊ?"

"रविवारी नको!" जयवंती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"रविवारी मी खिडकीवर असते ना! सोमवारी आणा. श्रावणी सोमवारची शाळा दुपारीच सुटते." मग ती बारीक आवाजात पुढे म्हणाली, "आणि त्यांना विचारून ठेवा... साबुदाण्याची खिचडी तिखट लागते, की बेताची?"