तळघरातला तिसरा सूर

कॉलिन टायरर लिव्हरपूलच्या बंदराजवळ एका कचेरीत कारकुनी करायचा. दुपारची सुट्टी झाली की गिटार काखोटीला मारायची, चीजचं सँडविच रस्त्यातच संपवायचं आणि फळांच्या जुन्या वखारीखालच्या तळघरात उतरायचं, हा त्याचा नेम. तिथं भरदुपारी गिटार-ड्रमच्या बीट संगीताचा धुडगूस चाले. वर लख्ख ऊन असलं तरी खाली काळोखच. भिंतींना पाझर फुटलेला, कुजक्या संत्र्यांचा आणि घामाचा वास, आणि समोर कचेऱ्यांतून पळून आलेल्या टायपिस्ट पोरींची दाटी.

त्या दुपारी त्यानं आणि त्याच्या जोडीला गाणाऱ्या रे स्कलीनं बर्नर्डचं गाणं घेतलं. बर्नर्ड म्हणजे कॉलिनचा थोरला भाऊ, न्यूयॉर्कच्या बोटीवर वेटर. तिकडच्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी तो कपड्यांखाली दडवून आणायचा. त्या झिजवून झिजवूनच ही पोरं गायला शिकली. हे गाणं तिघांचं, वरची पट्टी बर्नर्डची. पण गेल्या हिवाळ्यात भर अटलांटिकमध्ये तो डेकवरून नाहीसा झाला. प्रेतही मिळालं नाही. तेव्हापासून वरची पट्टी मोकळी सोडायची, हे दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

दुसऱ्या कडव्याला ती पट्टी भरली.

बारीक, उंच, अगदी सुरात लागलेला आवाज... मागच्या कमानीच्या अंधारातून येत होता. रेची बोटं चालत राहिली, पण त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"तू गायलास?" गाणं संपल्यावर कॉलिननं हळूच विचारलं.

"मी? माझा गळा कुठं पोचतो तिथं, लेका?"

पुढच्या रांगेतली एक पोरगी खिदळली, "आज तिघं गायलात, झकास जमलं! तिसऱ्याला कुठं लपवलंय?"

असल्या गोष्टी लपत नाहीत. दुसऱ्याच दिवशी कॉलिनची आई डोक्याला रुमाल बांधून त्या निसरड्या पायऱ्या उतरली. भिंतीशी खुर्ची ओढून, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन बसली. आवाज आला. ती रडली नाही, नुसती ऐकत राहिली. मग रोजच येऊ लागली. घरी ताटातलं अन्न तसंच राही, पण दुपार चुकत नसे.

"येऊ दे काकूंना," रे म्हणाला. "तेवढाच जिवाला आधार."

कॉलिनला मात्र ते गाणं आता नकोसं झालं होतं. आवाज रोज थोडा पुढं सरकत होता. कमानीतून खांबाशी, खांबापासून त्याच्या पाठीशी... एका दुपारी मानेवर गार झुळूक आली आणि ओल्या लोकरीचा कुबट वास. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

अशातच लंडनहून पेलम नावाचे एक साहेब आले. रेकॉर्ड कंपनीचे. गाणं ऐकून खूशच झाले.

"तीन आवाज! हेच गाणं हवं. आणि तो तिसरा कोण आहे, त्यालाही घेऊन या."

रेकॉर्ड निघणार म्हटल्यावर मानेवरचा गारवा विसरून कॉलिन पायऱ्या चढून वर उन्हात आला. आई भिंतीला टेकून उभी होती.

"आई, बर्नर्ड आता घरोघरी ऐकू येईल बघ!"

ती मटकन पायरीवर बसली. "तो बर्नर्ड नाही."

"...काय?"

"नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला. पहिल्याच दिवशी कळलं. आवाज उचललाय, लकब उचललीय... पण गाताना तो श्वास घेत नाही रे. एकदाही नाही."

"मग रोज येतेस कशाला?"

"तो कुणाला तरी शोधतोय. मी समोर बसले की तिथंच घुटमळतो. नाही आले तर घरी येईल. आणि दार वाजून बर्नर्डच्या आवाजात हाक आली..." तिनं रुमालाची गाठ आवळली. "तर मी उघडीन, कॉलिन. माहीत असूनही उघडीन."

ते गाणं द्यायचं नाही, हे कॉलिननं रेला सांगितलं तेव्हा रे उसळला. "जन्मभर कारकुनी करत कुजायचंय का तुला? नशीब दारात आलंय!"

"तुझ्या मानेला गार लागत नाही?"

रेचा हात मानेकडे गेला. मग म्हणाला, "...लागतं."

लंडनला त्यांनी दुसरंच गाणं म्हटलं, स्वतः रचलेलं, दोन आवाजांचं साधंसुधं. पेलमसाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण घेतलं. गातानाही कॉलिन कानात प्राण आणून ऐकत होता. दोनच आवाज. तळघरातलं ते गाणं पुन्हा कधी झालं नाही. आईनं तिथं जाणं सोडलं, ती चार घास खाऊ लागली.

शरद ऋतूत रेकॉर्ड बाजारात आली. रविवारी दुपारी कॉलिननं ती घरी लावली. आईनं ती पुन्हा पुन्हा ऐकली, अगदी डोळे मिटून.

"स्वच्छ आहे, तुम्ही दोघंच," ती म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी हसली. चहा ओतला.

शेजारी एडना फॅझाकर्ली एकटी राहायची. युद्धात तिच्या नवऱ्याचं जहाज बुडालं, तेव्हापासून एकटीच. शेजारच्या पोराचं कौतुक म्हणून तिनंही रेकॉर्ड विकत आणली होती. चहा घेता घेता मधल्या पातळ भिंतीतून तेच गाणं ऐकू येऊ लागलं.

कॉलिन हसला. मग त्याचं हसू विरलं.

भिंतीपलीकडे तिघं गात होते. तिसरा आवाज उंच नव्हता. खर्जातला होता, पोक्त पुरुषाचा, संथ... आणि ओळीमागून ओळ गेली तरी तो कुठंही श्वासाला थांबत नव्हता.

आईनं बशी खाली ठेवली. पलीकडचं गाणं संपलं. क्षणभर काहीच नाही. मग एडनाच्या दारावर टकटक झाली. अगदी हलकी, घरच्या माणसाची.

"एडना!" आई दोन्ही मुठींनी भिंत बडवू लागली. "एडना, उघडू नकोस! बाई गं, ऐक माझं..."

पलीकडे खुर्ची सरकली. सपातांचा आवाज घाईघाईनं दाराकडे गेला. कडी निघाली.

कोण आहे, असं एडनानं विचारलं नाही.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे टेबलावर कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरी.