जाताना दार लाव

मोबाइल उलटे ठेवा आधी. तो जिन्यातला दिवा मात्र असू दे. मला काही होत नाही, पण रात्री तुमच्यातलं कुणी किंचाळत उठलं तर उद्या तुमच्या आया माझीच हजेरी घेतील.

आणि हे बघा, ही मी कुठे ऐकलेली गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली ती बाई उद्या सकाळी याच रस्त्याने कामाला जाईल. खोटं वाटलं तर थांबवा तिला आणि विचारा.

तर झालं असं, की मी तिच्याकडे बंपर पोचवायला निघालो होतो. माझं काम तुम्हाला माहीत आहे. चेमटलेल्या गाड्या ठोकून सरळ करायच्या आणि रंगवायच्या. टेम्पो मिळाला नाही, म्हणून बंपर जुन्या चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतला. गल्लीतले लोक बघतायत, की हा सकाळी सकाळी कुणाला खांदा देऊन चाललाय!

ती ॲम्ब्युलन्स चालवते. सगळे तिला 'सायरन' म्हणतात, अगदी तोंडावर, आणि ती ओ देते. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. माणूस इतका मवाळ, की गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगतानाही त्याचाच चेहरा पडतो. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचा आवाज मात्र खऱ्या सायरनच्या तोडीचा.

गावाबाहेर जुनी धावपट्टी आहे. तिथे दर वर्षी गाड्यांची शर्यत व्हायची. सायरन नाव द्यायला गेली, तर तिथला एक जण हसून म्हणाला, "बाई, इथे पेशंट नसतात." ती म्हणाली, "गाडी घेऊन येते. मग बघू पेशंट कोण होतं ते."

आणि तिने गाडी आणली. भंगारवाल्याकडून, जवळजवळ फुकट. दिसायला अगदी साधी, पण आत टर्बो. आता टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हा हवेचा दाब म्हणजे बूस्ट. तो किती ठेवायचा, त्यातच सगळी अक्कल. कमी ठेवला तर गाडी रांगते, हाव सुटली तर इंजिन फुटतं.

घराखालच्या शेडमध्ये तिने सगळं स्वतः केलं. धुराचा पाइप बदलला, हवा थंड करणारी मोठी जाळी पुढे बसवली, चारही चाकांचे ब्रेक नवे घातले. लॅपटॉप जोडून इंजिनाचे आकडे जुळवत बसायची. डॅशबोर्डवर बूस्टचा काटा लावला आणि शेजारी बूस्ट कमी-जास्त करायचं गोल बटण.

मी बंपर टेकवला तेव्हा सासूबाई दारातच उभ्या. "आलात? बघा काय मांडलंय ते! महिनाभर मिक्सर बंद आहे, त्याला हिला वेळ नाही. आणि या मेल्या गाडीची आतडी काढून बसलीये."

"आई, मिक्सरला टर्बो बसवू का?" सायरन गाडीखालूनच म्हणाली.

बंपर लावता लावता मी पुढच्या काचेच्या डाव्या खांबावरचा रंग जरा घासला. खाली पुटी, पोचे बुजवायला भरतात ती. घासतोय, घासतोय, पुटी संपेना. अंगठ्याएवढा थर. मी हात थांबवला.

"पोरी," मी म्हटलं, "ही गाडी एकदा मेलेली आहे."

ती खालून बाहेर आली, खांबावर हात फिरवला आणि तशीच काळ्या हातांनी भंगारवाल्याकडे गेली. त्याने आधी आढेवेढे घेतले. मग बोलला. आधीचा मालक तरुण पोरगा होता. आपल्या पुढे कुणी गेलेलं त्याला खपायचं नाही. एका रात्री उभ्या ट्रकमध्ये घुसला. गाडीची डावी बाजू जोडली. त्याला जोडता आलं नाही.

घरी हे कळल्यावर नवरा पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलला. "विकून टाक. मी हात जोडतो."

"रोज ज्या गाडीतून मरणारी माणसं नेते, तिच्यावर आपलं घर चालतं," ती म्हणाली. "तेव्हा कुणी म्हणत नाही विकून टाक. ही गाडी माझी आहे."

विषय संपला. म्हणजे, घरातल्या माणसांपुरता.

दुसऱ्या दिवशी तिला ते गोल बटण फिरलेलं दिसलं. तिने ठेवलं होतं त्याच्या बरंच पुढे. तिला वाटलं सासूबाईंनी पुसताना फिरवलं. त्या भडकल्याच. "मी? त्या डब्याला मी चिमट्यानेसुद्धा हात लावणार नाही!"

तिने बटण मागे घेतलं आणि बटण न् डॅशबोर्ड यांच्यामध्ये नेलपॉलिशची रेघ ओढली. बटण जरा हललं तरी रेघ तुटणार. गाडीला कुलूप. शेडला कुलूप. किल्ल्या उशाखाली.

सकाळी रेघ तुटलेली होती. बटण पार शेवटपर्यंत.

तिने पुन्हा मागे घेतलं. पुन्हा रेघ. पुन्हा तुटली. असं किती दिवस चाललं असेल... कुणी दुसरं असतं तर गाडी ओढून नेऊन फेकली असती. हिला मात्र राग यायला लागला. भीती नाही हं, राग! "मी जुळवलेले आकडे आहेत ते. कुणी फुकट्याने बदलायला नाही."

मग एकदा ती रात्रपाळीहून पहाटे घरी आली. शेडजवळ पोचली, तर आतून बारीक शीळ. टर्बोची. पंखा वेग घेताना करतो तशी. चढत गेली... आणि थांबली. तिने कुलूप काढलं. इंजिन बंद. शेडमध्ये कुणी नाही. तिने बॉनेट उघडून टर्बोजवळ हात नेला.

भट्टीसारखा तापलेला.

तिने बॉनेट आपटलं आणि त्या रिकाम्या गाडीला म्हणाली, "ठीक आहे. शनिवारी बघते तुझ्याकडे."

तो नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. शर्यतीला आठवडा राहिला होता. रात्री दीड वाजता तिने गाडी बाहेर काढली. नवरा फाटकापर्यंत आला. तिच्या चष्म्याच्या काचा आपल्या शर्टाला पुसून दिल्या.

बंद पडलेल्या कारखान्याकडे जाणारा रस्ता आहे ना, नाकासमोर सरळ? तिकडे रात्री कुत्रंही नसतं. रस्ता संपतो तिथे कारखान्याचं लोखंडी फाटक. कायमचं बंद. ती आधी सावकाश एक फेरी मारून आली. रस्ता मोकळा आहे हे बघून घेतलं. मग या टोकाला गाडी उभी केली आणि बटण आपल्या आकड्यावर आणलं.

तेवढ्यात गाडी डावीकडे झुकली.

म्हणजे कशी? शेजारी कुणी वजनदार माणूस येऊन बसला की झुकते तशी. दार उघडलं नव्हतं. सीटवर कुणी नव्हतं. पण स्प्रिंग दबल्याचा आवाज तिने ऐकला. रोज स्ट्रेचर आत ढकलल्यावर ऐकते तोच.

ती हलली नाही. गिअर टाकला. निघाली.

दुसरा गिअर. तिसरा. काटा तिने ठरवलेल्या जागी येऊन थांबला. मग... पुढे सरकला. तिच्या डोळ्यांदेखत ते बटण फिरत होतं. हळू. कुणीतरी दोन बोटांत धरून फिरवावं तसं.

तिने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला.

पेडल वर आलंच नाही.

क्लच दाबला. दगड. किल्ली फिरवली. किल्ली फिरली... इंजिन चालूच. शीळ चढत गेली. आणि त्या शिळेच्या आत, कानाशी, डाव्या बाजूने...

"अजून."

एवढंच.

"अजून..."

काय म्हणालीस? ब्रेक? अगदी बरोबर. हेच मीही विचारलं होतं तिला. ब्रेकवर तिने पाय टेकवून बघितला. लागत होता. इंजिन त्याने घेतलं असेल, पण ब्रेक तिने स्वतःच्या हाताने बसवलेले होते, त्याला ते जुमानत नव्हते. ती तिथल्या तिथे थांबू शकत होती.

थांबली नाही.

मी म्हटलं, "अगं, का?" तर मला म्हणाली, "मामा, आज मी थांबले असते तर तो उद्या परत आला असता. परवाही आला असता. मला तो कायमचा उतरवायचा होता."

तिने ब्रेकवरून पाय काढला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. समोरच बघत म्हणाली, "अजून हवंय? घे."

आणि चौथा गिअर टाकला. क्लचशिवाय. गाडी किंचाळली.

"तुझ्यासारखे किती जण मागे आडवे घालून नेलेत मी. प्रत्येकाला वाटायचं, रस्ता आपल्या बापाचा. आज जरा माझ्या शेजारी बसून बघ."

"अजून..."

"घे की! पाचवा!"

काटा संपला. त्याच्यापुढे आकडेच नव्हते. खिडकीबाहेर खांब दिसेनासे झाले. दिव्यांच्या उजेडात फाटक आलं. लहान. मग मोठं. गंज दिसायला लागला.

डावीकडे सगळं गप्प.

"काय रे? बोल ना आता."



फाटकावरची पाटी दिसली. पाटीवरची अक्षरं दिसली.

आणि मग तो आवाज. पण आधीचा नव्हे. ती म्हणाली, हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ॲम्ब्युलन्समध्ये मागून येतो तो. कितीही मोठा माणूस असला तरी शेवटी लहान पोरासारखा होतो, तो.

"बस..."

"ऐकू आलं नाही."

"बस... बस... थांबव..."

"गाडी कुणाची?"

शीळ आणखी चढली.

"गाडी कुणाची?"

"...तुझी."

तेव्हा तिने ब्रेक मारला. ब्रेक कुठे मारावा लागेल हे तिने पहिल्या फेरीतच हेरून ठेवलं होतं. तिचा तो धंदाच आहे. गाडी आडवी झाली नाही, फिरली नाही. चारही चाकं रडली आणि फाटकापासून हातभर अलीकडे उभी राहिली. इंजिन आपोआप बंद. सगळीकडे रबराचा वास.

आणि ते बटण... मागे फिरलं. हळूहळू. तिच्या आकड्यावर येऊन थांबलं.

मग डावीकडचं दार उघडलं. गाडी त्या बाजूने बोटभर वर आली. वजन उतरल्यावर येते तशी.

तिचे हात अजून स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. पण तोंड? तोंड कधी ऐकलंय तिचं? उघड्या दारातल्या त्या काळोखाला म्हणाली, "जाताना दार लाव."



मग दार लागलं. आपटून नाही. हळूच... पाहुणे लावतात तसं.

घरी पोचली तेव्हा नवरा फाटकातच उभा होता आणि सासूबाई जिन्यात. त्यांनी नखशिखांत बघून घेतलं तिला आणि म्हणाल्या, "आलीस? आता तरी मिक्सर बघ."

शर्यतीत ती दुसरी आली. "बाई, पेशंट" म्हणणारा कितवा आला, ते तिला विचारू नका, अर्धा तास हसत बसेल. बटण त्यानंतर कधी हललं नाही. रेघ अजून अखंड आहे, मी स्वतः पाहिली आहे.

पण कारखान्याच्या त्या रात्रीनंतर रविवारी सकाळी मी दुकान उघडत होतो, तेव्हा ती गाडी घेऊन आली. रात्रीचं सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. मग म्हणाली, "मामा, तुम्ही पत्र्यातले. हे जरा बघा."

तिने डावीकडचं दार उघडलं. वजन कमी करायला आतलं कार्पेट तिने कधीच काढून टाकलं होतं. खाली उघडा पत्रा. तोच पत्रा दोन आठवड्यांपूर्वी मी स्वतः रंगवला होता. आरशासारखा सपाट.

आता त्यात खोलगट पोचा होता. आतून बाहेर. पुढे पंजा, मागे टाच, मधली कमानसुद्धा उमटलेली. उजव्या पायाचा बूट. मी घण घेऊन मारला असता तरी पत्रा असा बसला नसता.

मी वाकून जागा बघितली. मग उजवीकडे ड्रायव्हरच्या पायापाशी बघितलं. मग पुन्हा डावीकडे.

त्या बाजूला ब्रेकचं पेडल असतं, तर ते बरोब्बर तिथे असतं.