मोजणीत एक जास्त

मिसेस कॅलिसचा फोन दर शुक्रवारी सकाळी दहाला यायचा. दहा म्हणजे दहा. मी चहाचा कप टेबलावर ठेवते न ठेवते तोच घंटी.

"विचारलंस का गं पोरी त्याला?"

मी म्हणायचे, विचारलं. ती म्हणायची, "आणि?" मी म्हणायचे, आणि काही नाही. मग अंगणातल्या लिंबाविषयी आणि गुडघ्यांविषयी दोन वाक्यं बोलून ती फोन ठेवायची. चार वर्षं हे असंच चाललं होतं. त्या 'आणि?'चा मला राग यायचा, आणि एका म्हाताऱ्या आईचा राग येतो म्हणून स्वतःचीही चीड यायची.

पोर्ट हॅलमच्या तुरुंगात मी कैद्यांची समुपदेशक आहे. कागदावर काम मोठं आहे. माणसाशी बोलायचं, त्याने काय केलंय ते त्याच्या गळी उतरवायचं, सुटल्यावर तो कुठे राहील, काय करील याची घडी बसवायची. प्रत्यक्षात माझ्याकडे त्रेचाळीस फायली आहेत, एक बंद पडलेला कूलर आहे, आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेला साहेब आहे. त्याला दर महिन्याला 'प्रगती' हवी असते.

लेस्टर ग्रॉव्हच्या फायलीत प्रगती नव्हती. साठीला टेकलेला माणूस, पूर्वी कोळंबीच्या बोटीचा मालक. तेरा वर्षांपूर्वी त्याने बोटीवरच्या साव्हास कॅलिसला मारलं. पोरगा तेवीस वर्षांचा. धक्क्यावर भांडण झालं, लेस्टरच्या हातात लोखंडी आकडा होता. एवढं त्याने कोर्टात कबूल केलं. प्रेत मात्र सापडलं नाही. "समुद्रात टाकलं. कुठे ते आठवत नाही." पोलिसांना हेच, न्यायाधीशाला हेच, मला हेच. पाणबुड्यांनी दोन उन्हाळे आखात धुंडाळलं, हाती एक बूटही लागला नाही. आमच्याकडे कायदा असा आहे की प्रेताचा ठावठिकाणा सांगितल्याशिवाय खुन्याला पॅरोल नाही. पॅरोल मंडळाने त्याला दोनदा परत पाठवलं होतं. तिसरी तारीख मार्चमध्ये होती आणि अहवाल मला लिहायचा होता.

मिसेस कॅलिसला त्याच्या पॅरोलशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला पोराला माती द्यायची होती. त्यांच्या ग्रीक चर्चमध्ये मृताच्या नावाने गहू शिजवतात, वर पिठीसाखर आणि डाळिंबाचे दाणे घालून ताट सजवतात. बाकीच्या बायका तिथून थडग्यावर जातात. ही ताट घेऊन परत घरी यायची.

आमच्या धंद्यात रिकाम्या खुर्चीची एक पद्धत आहे. माणसासमोर रिकामी खुर्ची ठेवायची आणि सांगायचं, ज्याचं तू वाईट केलंस तो इथे बसलाय, त्याच्याशी बोल. मोठमोठे दांडगे गडी त्या खुर्चीसमोर रडताना मी पाहिलेत. मात्र शेवटी एक नियम कसोशीने पाळायचा. माणसाने खुर्चीचा निरोप घ्यायचा, "आता जा" असं तोंडाने म्हणायचं, आणि आपण खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. मला शिकवणारी बाई म्हणायची, बोलावलं तर पाठवायचंही. मला वाटायचं, हे सगळं कैद्याच्या मनाच्या समाधानासाठी असतं.

जानेवारीतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातला, मंगळवार होता. बाहेर चव्वेचाळीस अंश, छपराचे पत्रे कडकड वाजत होते. तीन नंबरच्या खोलीला खिडकी नाही, दारात फक्त एक काचेची पट्टी आहे. मी नारिंगी प्लास्टिकची खुर्ची लेस्टरसमोर ठेवली.

"साव्हासला काय सांगायचंय?"

तो हाताच्या बोटांकडे बघत बसला. पाच मिनिटं. वीस मिनिटं. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, अहवालाचं कोरं पान डोळ्यांसमोर नाचत होतं, आणि माझा पारा चढला.

"बरं, तू नको बोलावू. मीच बोलावते," मी म्हणाले. "साव्हास, ये. बस इथे."

लेस्टरने झटकन मान वर केली. "असं करू नका, मिस."

तेवढ्यात भोंगा झाला. दुसऱ्या इमारतीत मारामारी पेटली होती. भोंगा झाला की हातातलं टाकून निघायचं, त्यात सवलत नाही. शिपायाने लेस्टरला नेलं, मी दाराला कुलूप लावलं. निरोप राहिला. खुर्ची खोलीच्या मधोमध तशीच राहिली.

त्या दुपारी कैद्यांच्या मोजणीत एक जास्त भरला.

पटावर दोनशे अकरा होते, मोजले तर दोनशे बारा. पुन्हा मोजले, दोनशे बारा. सगळ्यांना कोठड्यांत कोंडून तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा दोनशे अकरा भरले, आणि मोकळे करून रांगेत उभे केले की पुन्हा बारा. जेवण दोन तास उशिरा मिळालं. मोसेसे नावाचा फिजीचा शिपाई आहे, बारा वर्षं आमच्यात काढलेला, तो वैतागून माझ्या दाराशी आला.

"कमी भरला तर कोणी पळाला म्हणता येतं, ग्लेनिस. जास्त भरला तर काय लिहू? कोणी आत पळून आला?"

"तुझी बोटं मोजून बघ आधी," मी म्हणाले. तो हसला. पुढचे सहा आठवडे दर एक-दोन दिवसांनी एक जास्त भरत राहिला, तेव्हा त्याचं हसणं बंद झालं.

खुर्चीची बैठक ओली असायची. पहिल्यांदा मी कूलरला दोष दिला, पण कूलर महिनाभर चालू नव्हता. कागदाने पुसलं तर ओहोटीच्या वेळी धक्क्याखाली येतो तसा शेवाळाचा वास आला. वाळल्यावर पांढरी रेघ उमटली. जिभेला बोट लावून पाहिलं, मीठ. मी दुरुस्तीवाल्यांना अर्ज टाकला की तीन नंबरच्या खोलीत पाणी गळतंय. आठवड्याने उत्तर आलं, त्या खोलीत नळजोडणी नाही. एवढंच. हात कपाळाला लावून बसले.

पुढच्या भेटीला मोसेसेने काचेतून डोकावून विचारलं, "आज तिघं का? तिसऱ्याचा पास कुठाय?"

"दोघंच आहोत."

त्याने पुन्हा पाहिलं. "बरं," म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो त्या काचेतून डोकवेनासा झाला.

लेस्टर भिंतीला चिकटून बसला होता. खुर्चीकडे बघत नव्हता.

"मिस, तो तो नाही."

"कोण कोण नाही?"

"तुम्ही ज्याला बोलावलंत तो हा नाही. साव्हासला मी ओळखतो."

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. तेरा वर्षांत माणूस पहिल्यांदा आपणहून साव्हासबद्दल बोलत होता. मी लिहिलं, 'वास्तव नाकारतो. पश्चात्तापाच्या जवळ आला आहे.' धंद्यात आम्हाला ही खोडच लागते. कैदी हो म्हणाला तर कबुली, नाही म्हणाला तर नकार, दोन्हींना फायलीत रकाना तयार असतो. माणूस साधी माहिती देत असेल हे आमच्या डोक्यातच येत नाही. साहेबाने त्या ओळीखाली रेघ मारून लिहिलं, 'उत्तम प्रगती.'

तरी त्या दिवशी मी निरोपाचं राहिलेलं काम उरकायचं ठरवलं. लेस्टरला म्हटलं, म्हण, आता जा. तो म्हणाला, "मी बोलावलं नाही, माझं कसं ऐकेल?" मग मीच म्हणाले. खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली. उचलताना ती जड लागली. सकाळी दार उघडलं तर खुर्ची मधोमध होती, दाराकडे तोंड करून. सफाईवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्या खोलीत मी महिनाभर गेलो नाही, बाई.

"तो मला काही विचारत नाही," लेस्टर पुढच्या खेपेला म्हणाला. त्याची झोप उडाली होती, गालफडं बसली होती. "माझ्याकडे बघतसुद्धा नाही. दाराकडे बघत असतो. त्याला कोणीतरी न्यायला हवंय."

हेही मी लिहून घेतलं.

मिसेस कॅलिसने लेस्टरला समोरासमोर भेटायची परवानगी मागितली ती त्याच आठवड्यात. अशा भेटी आम्ही घडवून आणतो. मी एका दिवसात कागद पुढे सरकवले. मला वाटलं, आईला पाहून तरी हा माणूस तोंड उघडेल. अहवालाला दहा दिवस उरले होते.

ती काळ्या कपड्यांत आली, हातात गव्हाचं ताट घेऊन. फाटकावर काट्याने गहू उकरून तपासले, मग आत सोडलं. लेस्टर आधीच बसला होता. मी तिच्यासाठी नारिंगी खुर्ची पुढे ओढली. त्या दिवशी ती कोरडी दिसत होती.

ती दारातच थांबली.

मग भिंतीशी गेली, तिथली दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर बसली.

"इथे बसा ना," मी म्हणाले.

"तिथे कशी बसू गं? तो बसलाय ना."

तिने ताट मांडीवर ठेवलं आणि ग्रीकमध्ये बोलायला लागली. हळू, लहान मुलाला उठवावं तसं. मला एक शब्द कळला नाही, पण माझे डोळे भरून आले. तिने हात पुढे केला, हवेत कुणाच्या गालावर ठेवावा तसा ठेवला. परत घेतला तेव्हा मनगटावरून पाणी ओघळत होतं.

"मिसेस कॅलिस," लेस्टर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "त्याला घरी नेऊ नका. तो तुमचा पोरगा नाही."

"माझा पोरगा मला कळत नाही?" ती शांतपणे म्हणाली. "समुद्रात टाकलास ना तू त्याला? बघ, अजून भिजलेलाच आहे."

लेस्टरने तोंड उघडलं.

मिटलं.

मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही. चार वर्षांत त्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहत होते.

ती उठली. ताट तिने खाली ठेवलं आणि रिकामा हात मागे धरला.

"चल रे बाळा."

मोसेसेने फाटक उघडलं. ती बाहेर पडली तरी त्याने ते धरून ठेवलं होतं. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "उगाच," आणि मग बंद केलं.

त्या दुपारी मोजणी बरोबर भरली. दोनशे अकरा. खुर्ची कोरडी होती, आणि उचलली तर हलकी.

शुक्रवारी दहाला फोन आला नाही. चहा निवांत प्यायला मिळाला, तरी मी दोनदा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते पाहिलं.

सोमवारी लेस्टरने मला बोलावून घेतलं. बसला नाही.

"साव्हास पाण्यात नाही, मिस. कधीच नव्हता."

मी पेन उचललं नाही.

"उत्तरेला माझ्या भावाचं मेंढ्यांचं रान आहे. तिथे तांब्याच्या खाणीची जुनी विहीर आहे, कोरडी. दोघांनी मिळून खाली सोडला, वर दगड लोटले. भावाला पोरंबाळं आहेत, म्हणून मी गप्प राहिलो. तिथे पाऊस पडत नाही. खाली तर थेंब पोचत नाही. तेरा वर्षांत त्या पोराला ओल लागली नसेल."

"मग आत्ता का सांगतोयस? पॅरोलसाठी?"

"खड्ड्यात गेला पॅरोल," तो म्हणाला. "ती बाई एकटी राहते."

पोलिसांना अकरा दिवस लागले. लेस्टरने सांगितलं तिथेच, दगडांखाली. हाडं पांढरी आणि कोरडी होती. पट्ट्याचं बक्कल होतं. बारशाच्या वेळी गळ्यात घालतात तो चांदीचा क्रूस होता, मागे साव्हासचं नाव कोरलेलं. दातही जुळले. इन्स्पेक्टरने मला गुरुवारी संध्याकाळी कळवलं. आईला मी सांगते म्हणाले, तेवढा हक्क मला आहे असं वाटलं.

शुक्रवारी दहाला मी फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

"मिसेस कॅलिस, मी ग्लेनिस. त्याने सांगितलं. साव्हास मिळाला."

पलीकडे कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"दुसऱ्या कोणाचा तरी असेल गं पोरी," ती म्हणाली. प्रेमाने म्हणाली. "साव्हास घरी आहे. हा काय, समोर बसलाय. खात नाही अजून काही."

"त्याचा क्रूस मिळालाय. नाव आहे मागे. दात जुळलेत." मी सांगत राहिले, आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. "मी निघते आत्ता. तासाभरात पोचते. तुम्ही बाहेर येऊन बसा, लिंबाखाली. ऐकताय ना? घरात थांबू नका."

"ये की, ये. किती दिवस म्हणते तुला, घरी ये एकदा." ती जरा थांबली, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. "आणि येताना जुने टॉवेल असतील तर घेऊन ये हं. माझे सगळे ओले झालेत, आणि फरशी काही कोरडी होत नाही."